आत्या मला माऊली म्हणाल्या

सासूबाईंना मी आत्या म्हणते. ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अशा त्यांच्या चोवीस वाऱ्या झाल्या होत्या. त्या वर्षी गुडघे धरले म्हणून घरातले सगळे नको म्हणाले. आत्या कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत, पण जेवण तुटलं त्यांचं. दोन दिवस बघितलं आणि मीच म्हटलं, "आत्या, मी येते सोबत."

लग्नाला अकरा वर्षं झालेली. आमचं भांडण कधी नव्हतं, पण बोलणं दूध, गॅस आणि पोरांची शाळा एवढंच.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत प्रस्थान झालं. पुण्यातले दोन मुक्काम आटोपून एकादशीला सासवडची वाट धरली. हा सगळ्यात लांबचा पल्ला, त्यात उपास, आणि वर दिवे घाट. आत्यांना मी हाताला धरून नेणार, असं मी मनाशी धरलं होतं. घाटाच्या पहिल्याच वळणावर माझी टाच फोडानं पेटली. माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या आणि सगळा घाट 'ज्ञानोबा माऊली तुकाराम'नं भरून गेला होता. मी मात्र रस्त्याकडेच्या दगडावर बसायला निघाले. डोक्यावरची तुळस एका हातानं सावरत आत्या म्हणाल्या, "पायाकडं बघू नको. पुढच्याच्या टाळाकडं ध्यान दे." तसं केलं. टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडू लागलं आणि घाट कधी सरला ते कळलं नाही.

रात्री सासवडला राहुटीत त्यांनी माझा पाय मांडीवर ओढून घेतला. सुईत दोरा ओवला, बॅटरीच्या उजेडात फोडातून अलगद आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. पाणी दोऱ्यावाटे झिरपून गेलं. मग तळव्याला खोबरेल चोळायला लागल्या. मी पाय मागं घेतला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा?

"वारीत पाय कुणाचे असतात गं? गप बस," त्या म्हणाल्या. त्या रात्री पहिल्यांदा त्या माहेराबद्दल बोलल्या. त्यांची आई वारीला जायची आणि या लहानपणी वेशीपर्यंत रडत मागं जायच्या, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

जेजुरीचा भंडारा कपाळी लागला, वाल्हे झालं. नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात. तिथल्या गर्दीत आत्यांचा चष्मा गेला. मी रडकुंडीला आले, त्या शांत. म्हणाल्या, "हरिपाठ पाठ आहे मला. चष्मा काय करायचाय?" लोणंदला समाजआरतीला उभ्या राहिलो. हजारो टाळ वाजत होते. चोपदारांनी दंड वर केला आणि सगळं एकदम थांबलं. एवढ्या माणसांत आपलाच श्वास ऐकू येतो, ती शांतता सांगून कळायची नाही. मग सापडलेल्या वस्तू पुकारल्या. त्यात दांडीला काळा दोरा बांधलेला एक चष्मा होता. आत्यांचाच.

लोणंद सोडून तरडगावकडं निघालो की चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन बाजूंना, मधून आधी स्वाराचा घोडा आणि त्यामागं माऊलींचा अश्व, पाठीवर कुणी नसलेला. अश्व वाऱ्यासारखा गेला. त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला माणसं वाकली. मग फुगड्या सुरू झाल्या. आत्यांनी माझे हात धरले. दुखऱ्या गुडघ्यांनी दोनच गिरक्या घेतल्या त्यांनी. थांबल्या, धाप लागली होती, आणि खाली वाकून माझ्या पायावर डोकं टेकलं.

"माऊली," म्हणाल्या.

वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, लहानथोर बघत नाहीत. हे ऐकून ठाऊक होतं. तरी त्या क्षणी मला भडभडून आलं. मीही खाली बसले आणि त्यांच्या पायांना मिठी मारली. धुळीत, सगळ्यांसमोर.

आषाढी एकादशीला देवळापर्यंत पोचणं झालं नाही. चंद्रभागेत स्नान केलं, कळसाला हात जोडले, नामदेव पायरीची दिशा विचारून तिकडं डोकं टेकवलं. आत्यांना एवढं पुरलं.

द्वादशीला उपास सोडून परतीची एसटी धरली. बस सुटल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर मान टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "माऊली, काच लाव गं तेवढी. वारं लागतंय."