तक्त्यातला नववा रकाना

पोलीस खात्यातल्या कोणाची परदेशी प्रशिक्षणासाठी निवड झाली की बाकीचे म्हणतात, साहेबांची मर्जी. मर्जी लागतेच, नाही म्हणत नाही. पण मर्जीनंतर जो कागद लागतो तो माझ्या टेबलावर तयार होतो. नाशिकमधल्या एका पोलीस कार्यालयात आस्थापना शाखेत मी लिपिक आहे. कोणत्या कार्यालयात, ते राहू द्या.

या वेळचं प्रशिक्षण अमेरिकेच्या खर्चाने होतं, बॉम्ब शोधक व नाशक पथकातल्या माणसांसाठी. त्यांचा हा दहशतवादविरोधी मदतीचा कार्यक्रम १९८३ पासूनचा. बाहेरच्यांना वाटतं, तिकडचं पोलीस खातं इकडच्या पोलीस खात्याला बोलावतं. तसं नसतं. पैसा आणि परवानगी त्यांच्या परराष्ट्र खात्याची. आपलंही तसंच आहे. १९६४ पासून भारत आयटेक कार्यक्रमातून इतर देशांच्या लोकांना शिकवतो, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या पैशाने. त्यामुळे कागद दूतावासातून गृह मंत्रालयात, तिथून मुंबईला महासंचालक कार्यालयात आणि तिथून आमच्याकडे असा मुक्काम करत करत येतो. पोचतो तेव्हा मुदत संपत आलेली असते आणि बिनतारी संदेशाची शेवटची ओळ ठरलेली असते: 'माहिती आजच सादर करावी, निरंक असल्यास तसे कळवावे.' निरंक, म्हणजे 'आमच्याकडे कोणी नाही', असं कळवणारी कार्यालयं किती असतील! सगळ्यात सोपं उत्तर तेच.

आमच्या मॅडमना निरंक आवडत नाही. त्यांनी दोन नावं काढली. एक अधिकारी, इंग्रजी फर्डं, बदली तोंडावर आलेली. दुसरे पथकातले हवालदार. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडाचा घाट पहाटे पायरी पायरीने तपासणाऱ्यांत ते होते, आणि २०२७ च्या सिंहस्थालाही तेच असणार. "यांचं इंग्रजी?" असं आमच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी विचारलंच. डेटोनेटर, एक्स-रे, कॉर्डन, सर्किट, रिमोट. त्या माणसाच्या कामातला एकही शब्द मराठी नाही, आणि तरी इंग्रजीवरून अडवायचं त्यालाच.

दोघांच्या माहितीचा तक्ता भरायला बसले. नाव भरणं हेच मोठं काम असतं. सेवापुस्तकात आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांच्या नावाला 'राव' जोडलेलं. जन्मतारीख १ जून. आमच्या खात्यात १ जूनला जन्मलेल्यांची एक वेगळी बटालियन उभी राहील; शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती तारीख जन्मभर चिकटते. आता ही नावं तिकडे संगणकात तपासणार. तेच आडनाव, तेच नाव, तीच १ जून, असा दुसरा कोणी महाराष्ट्रात निघाला आणि त्याच्यावर काही असलं, तर? म्हणून मी जन्मगाव तालुक्यासकट लिहिते, वडिलांचं पूर्ण नाव घालते आणि तिन्ही कागदांवरचं लेखन वेगळं दाखवते. हे कोणी सांगितलेलं नाही. पण माझ्या टेबलावरून गेलेला तक्ता त्रुटी काढून परत आलेला नाही.

नववा रकाना होता: 'यापूर्वीच्या नेमणुका, घटकप्रमुखाच्या नावासह.'

हा रकाना का, ते मॅडमनी समजावलं. अमेरिकेत १९९७ पासून लेही या सिनेटरच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आहे. छळ, बेकायदा ठार मारणं, माणूस गायब करणं, बलात्कार असं काही एखाद्या परदेशी सुरक्षा तुकडीने केल्याची विश्वासार्ह माहिती असेल, तर त्या तुकडीला मदत द्यायची नाही. नुसता माणूस बघत नाहीत, त्याची तुकडीही बघतात. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, त्यांच्या संसदेने परदेशी पोलिसांना शिकवणं जवळजवळ बंदच केलं होतं, कारण त्यांनी शिकवलेले पोलीस आपल्याच लोकांचे हाल करतात अशा तक्रारी होत्या. देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या शाळेत मित्रदेशांचे फौजी अधिकारी शिकायला येतात, त्याचं नाशिककरांना काहीच वाटत नाही. पोलिसाचं वेगळं. त्याला शिकवलेलं घरच्याच माणसांवर वापरलं जातं.

हवालदार आंतरजिल्हा बदलीने नाशिकला आले, त्याआधी दुसऱ्या जिल्ह्यात एका ठाण्यात होते. त्या ठाण्यात कोठडीत एक माणूस गेला होता. असा मृत्यू झाला की चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं, १९९३ पासूनचा नियम आहे. शिवाय न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी वेगळी. हवालदारांच्या सेवापटावर मात्र यातलं अक्षर नाही. बक्षिसंच बक्षिसं, शिक्षा निरंक.

शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब मला म्हणाले, "फक्त सध्याची नेमणूक टाका. कोण बघतंय?" ते गृहस्थ निवृत्तीपर्यंत हेच म्हणत राहणार. मी सेवापुस्तकात होतं ते सगळं उतरवलं, ठाण्यासकट, त्या वेळच्या निरीक्षकांच्या नावासकट.

सहीसाठी हवालदारांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला, नवव्या रकान्यावर बोट थांबलं.

"हे पण लागतं का, ताई?"

"मागितलंय."

जरा वेळाने म्हणाले, "त्या रात्री मी ड्यूटीवर होतो. पण आत नव्हतो. बाहेर, ठाणे अंमलदाराजवळ."

मी काही विचारलं नव्हतं. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

यादी आली तेव्हा तिच्यात अधिकाऱ्यांचं नाव होतं, हवालदारांचं नव्हतं. कारण लिहिलेलं नसतं. जागा कमी असतील, दुसऱ्या घटकाचं नाव वर गेलं असेल, १ जूनचा कोणी नामसाधर्म्याचा निघाला असेल, किंवा नववा रकाना. नाव मुंबईत गळलं, दिल्लीत की त्याच्याही पुढे, तेसुद्धा कळत नाही. मी महासंचालक कार्यालयातल्या माझ्यासारख्याच एका लिपिकाला फोन केला. तो म्हणाला, "वरून आली तशी पाठवली." खरंच असणार ते.

अधिकारी जाऊन आले, पानभर अहवाल दिला, आणि त्यांची बदली झाली ती वाहतूक शाखेत. अहवाल मी धारिकेला लावला. पथकातल्या कोणी तो मागितलेला नाही.

मला राग यायला हवा तो नेमका कोणावर, हे ठरत नाही. तुकडीने केलेल्या गोष्टीचा जाब तुकडीतल्या प्रत्येकाला विचारावा, हे मला पटतं. आमच्याकडे कोणी विचारत नाही. त्या वेळचे निरीक्षक बढती घेऊन सन्मानाने निवृत्त झाले. पण मग बाहेर बसलेल्या शिपायाचं काय करायचं? तो बाहेर होता हे कोणत्या कागदावर आहे? मी सेवापुस्तक पुन्हा काढून पाहिलं. रजा आहे, वेतनवाढ आहे, गोळीबार सरावाचे गुण आहेत. त्या रात्रीची ठाणे दैनंदिनी दुसऱ्या जिल्ह्याच्या अभिलेखात असेल, असलीच तर. ती मागवायचा मला अधिकार नाही. आणि तिच्यात 'बाहेर' लिहिलेलं असलं, तरी आतला आवाज बाहेर ऐकू येतोच की. हे मला रोज त्या इमारतींत बसून माहीत आहे.

गेल्या आठवड्यात नवीन तक्ता आला. दुसरं प्रशिक्षण, तेच रकाने. मॅडम म्हणाल्या, नावं संध्याकाळपर्यंत. मी पथकात फोन लावला, तुमचं नाव पुन्हा घालू का, म्हणून विचारलं.

"घाला," हवालदार म्हणाले. "पण नाही आलं तर या वेळी कोणाला कारण विचारू नका."