पैसे संपले नव्हते

‘वैतरणेच्या रस्त्यावरच्या त्या घराचं आतलं काम अर्धवट का सोडलंत?’ नाशकात कुठल्याही लग्नकार्याला गेलं की हा प्रश्न मला गाठतोच. कॉलेज रोडच्या फ्लॅटना फॉल्स सीलिंग, पॅनेलिंग सगळं करून देणारी मी. आणि तिथे मात्र आतून उघडी कौलं, भिंतीपासून चार बोटं पुढे घेतलेली कपाटं, त्यांना झडपांची दारं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पैसे संपले नव्हते.

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस. हे घर आहे त्या इगतपुरीच्या बाजूला ३००० च्या वर, तोही आडवा. त्यात घर सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद. भिंतीला चिकटलेल्या कपाटाच्या पाठीला वारा लागणार कुठून? ‘मरीन प्लाय वापरा की!’ अहो, वापरलाच होता. आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का प्लायचे थर सुटणार नाहीत याची हमी देतो. कपाटात कोंडलेल्या हवेचं तो काय करणार?

वास्तुशांतीच्या पंगतीत मालकांच्या आत्या वर बघत म्हणाल्या, ‘छान आहे हो, पण जरा गोठ्यासारखं नाही वाटत?’ सगळे हसले. आत्यांचं मला काही वाटलं नाही. मालकही हसले, ते लागलं. कौलं उघडी ठेवायचा हट्ट मुळात त्यांचा होता. पुढे त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावून जिप्समचं छत करून घेतलं, वॉर्डरोब भिंतीत बसवले. मला कळलं ते सुताराकडून, तो उरलेले पैसे मागायला आला तेव्हा.

श्रावणात मालकांच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला, ‘एकदा येऊन जा.’ वॉर्डरोब उघडला आणि कुबट वासाचा भपकाराच आला. त्यांच्या सासूबाईंच्या शालूवर, नेमक्या घडीच्या रेघेवर, हिरवट-पांढरी बुरशी. खालचा ड्रॉवर फुगून अर्ध्यात अडकलेला. मला बरं वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू? मग वहिनी शालू हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. वाळत घालायला ऊनच नव्हतं.

तरी मालक म्हणाले, ‘पहिल्यासारखं नको. ओल शोषणारं मशीन घेऊ.’ घेतलं. वीज गेली की ते बंद, आणि तिकडे पावसात वीज जातेच. पण घर त्यांना आवडतं. कॉलेजातली मी म्हणाले असते, गिऱ्हाइकाला कळत नाही. आता तसं म्हणवत नाही. माझ्या उघड्या कौलांतूनही झडीला तुषार यायचे, उंदीर फिरायचे. फोटोत ते दिसत नाही इतकंच. मात्र कपाट भिंतीला चिकटवून द्या म्हणाल, तर डोंगरात नाही देणार. शहरात, गंगापूर रोडला हवं तेवढं देते.

सध्या अंजनेरीच्या डोंगराखालच्या एका घराचं बोलणं चाललंय. त्यांचा पहिला प्रश्न, सीलिंगमध्ये लाइट किती बसतील?