मुठीएवढ्या अँटेनासाठी सव्वा महिना : माझा अनुभव

सांगलीतल्या एका मोठ्या सभागृहात फाइव्ह-जीचे छोटे सेल, म्हणजे इमारतीच्या आत रेंज देणारे छोटे रेडिओ, बसवायचे होते. फायबर ओढणं, रॅक उभा करणं, रेडिओ टांगणं आठवड्यात उरकलं. घोडं अडलं ते या रेडिओंना अचूक वेळ देणाऱ्या जीपीएसच्या अँटेनापाशी. मुठीएवढी वस्तू, पण ती गच्चीवर लावायच्या परवानगीला सव्वा महिना गेला.

अर्जात ‘मोबाइल नेटवर्कसाठी अँटेना’ असं लिहिलं, तिथेच चुकलं. व्यवस्थापनाच्या कार्यालयाने तिला टॉवर धरलं. इमारतीच्या मजबुतीचा दाखला आणा, रेडिएशनचं प्रमाणपत्र आणा, पुढच्या बैठकीपर्यंत थांबा. "साहेब, यातून काहीच बाहेर पडत नाही, ही फक्त उपग्रहाकडून वेळ घेते," हे मी तीन टेबलांवर सांगितलं. तोंडी सांगितलेलं फाइलला लागत नाही. शेवटी नवा अर्ज दिला : ‘वेळ जुळवण्यासाठी फक्त सिग्नल घेणारी अँटेना. प्रक्षेपण नाही. टॉवर नाही. कठड्याला क्लॅम्पने बसेल, स्लॅबला भोक पडणार नाही.’ सोबत डेटाशीट आणि कठड्याचा खूण केलेला फोटो. चार दिवसांत सही झाली. तुम्ही पहिलाच अर्ज असा द्या, आणि तोही फायबरच्या कामाआधी.

मधल्या काळात "खिडकीत ठेवा की" असं सगळे म्हणत होते. ठेवून पाहिली. अर्धं आकाश भिंतीआड, त्यात समोरच्या पत्र्यावरून आपटून येणारे सिग्नल. रिसीव्हर उपग्रहाचा सिग्नल पकडायचा, पुन्हा सोडायचा.

वेळेसाठी एवढा आटापिटा का, तर 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं. त्यासाठी प्रत्येक रेडिओची वेळ प्रमाणवेळेच्या 1.5 मायक्रोसेकंद अलीकडे-पलीकडेच हवी. ती सरकली की आतला सेल ऐकायला बसतो तेव्हा बाहेरचा टॉवर बोलत असतो. मोबाइलवर रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण फोटो पाठवायला गेलं की चक्र फिरत राहतं.

अँटेनाची केबल 60 मीटर होती. मीटरला साधारण 4 नॅनोसेकंद, म्हणजे 240 नॅनोसेकंद उशीर. हा आकडा रिसीव्हरमध्ये भरावा लागतो. चिन्ह उलटं पडलं तर चूक दुप्पट होते, म्हणून मॅन्युअल बघूनच भरा. गुंडाळी करून ठेवलेली केबलसुद्धा मोजायची.

रॅकपासून पुढे रेडिओंपर्यंत वेळ पीटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून पॅकेटांमधून अचूक वेळ पोचवायच्या पद्धतीने जाते. आम्ही तिचं टेलिकॉमसाठीचं जी.8275.1 प्रोफाइल (ठरलेला नियमसंच) वापरलं, डोमेन (एकत्र वेळ जुळवणाऱ्या यंत्रांच्या गटाचा क्रमांक) 24. मधे साधा स्विच चालत नाही. वर्दळ वाढली की वेळेचं पॅकेट त्यात रांगेत थांबतं. रिकाम्या सभागृहात चाचणी पास आणि कार्यक्रमाच्या दिवशी नापास. प्रत्येक टप्प्यावर बाउंडरी क्लॉकवाला, म्हणजे स्वतःचं घड्याळ जुळवून पुढे नव्याने वेळ देणारा स्विचच लावा. फायबरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारेत 100 मीटरचा फरक असेल तर 250 नॅनोसेकंदांची चूक शिरते, आणि ती कुठल्याच अलार्ममध्ये दिसत नाही.

राहिलंच : गच्चीवरच्या केबलला सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण) आणि अर्थिंग वळवाच्या आधी करा. रॅक तळमजल्यावर ठेवू नका. 2019 चा कृष्णेचा पूर सांगलीकरांना सांगायला नको.

काम ताब्यात देण्याआधी अँटेनाची केबल एकदा मुद्दाम काढा. उपग्रहाशिवाय रिसीव्हरचं घड्याळ किती तास अचूक वेळ धरून ठेवतं ते लिहून घ्या, आणि अलार्म खरोखर कंट्रोल रूमला पोचतो का ते फोन करून विचारा.