गोरिंग ते पँगबोर्न: 'सपाट' थेम्सकाठ आणि काशीनरेशांची विहीर

आधीच सांगतो, गोरिंग ते पँगबोर्न हा इंग्लंडमधल्या थेम्स पाथचा, म्हणजे थेम्सकाठच्या पायवाटेचा, तुकडा सपाट नाहीये. नदीकाठचा रस्ता आहे, आईबाबांना घेऊन जा, दीड तासात गप्पा मारत होतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर त्याला माझा कोपरापासून नमस्कार सांगा. आम्हाला हे रेडिंगच्या एका मित्राने सांगितलं, आणि साहेब स्वतः तिथे फक्त गाडीने जाऊन कॉफी पिऊन आलेत हे नंतर कळलं.

गोरिंग छान आहे, वाद नाही. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून ट्रेनने साधारण तासभर, रेडिंगहून पाव तास. लंडनचं ऑयस्टर कार्ड इथे चालत नाही, तिकीट आधीच काढा. नदीच्या अलीकडे गोरिंग म्हणजे ऑक्सफर्डशर, पूल ओलांडला की स्ट्रीटली म्हणजे बर्कशर. लॉक (होड्या वरखाली करायचा दरवाजा), विअर (नदीतला बुटका बांध), जुनं नॉर्मन चर्च, झालं, एका तासात गाव संपतं. विअरचा आवाज मस्त वाटतो पण १६७४ मध्ये गोरिंगची जत्रा उरकून परतणाऱ्या लोकांची होडी इथेच उलटली आणि साठेक माणसं बुडाली, पूल आला तो थेट १८३७ मध्ये. गायक जॉर्ज मायकलचं घर बघायला पण लोक येतात, २०१६ च्या ख्रिसमसला तो तिथेच वारला. लोकांच्या खिडक्यांत डोकावू नका एवढंच.

आता तो रस्ता. गोरिंगहून निघालात की पहिला दीडेक किलोमीटर खरंच सपाट, कुरणातून, बाजूला बदकं, आई खूश, बाबा फोटो काढतायत. ब्रुनेलने बांधलेला गेटहॅम्प्टनचा विटांचा रेल्वे पूल येतो, त्याच्या खालून जायचं, तिथपर्यंत मी मित्राला मनातल्या मनात थँक्यू पण म्हणून टाकलं होतं. मग हार्टस्लॉकचं जंगल सुरू होतं आणि पायवाट नदी सोडून डोंगराच्या कडेकडेने वर जाते. इथे थेम्सने हिमयुगात चॉकचा, म्हणजे खडूसारख्या पांढऱ्या मऊ दगडाचा, डोंगर फोडून वाट काढलीये, त्यालाच गोरिंग गॅप म्हणतात, म्हणजे डोंगर असणारच ना, पण ब्रोशरवर फक्त नदीचा फोटो असतो. ओला चॉक, त्यावर चिखल, त्यावर कुजलेली पानं, एका बाजूला उतार आणि झाडांतून खूप खाली कुठेतरी पाणी चमकतंय. बाबा थांबून म्हणाले, "अरे, नदी कुठे गेली?"

जंगल संपलं म्हणजे सुटलो असं समजू नका. खरा घोळ पुढे आहे. वर मोकळ्यात आल्यावर जरा बरं वाटतं आणि तेवढ्यात रस्ता एकदम खोल घळीत उतरतो आणि समोर लगेच तेवढंच वर चढायचं. पायऱ्या आहेत, पण पावसानंतर त्या कामाच्या कमी आणि भीतीच्या जास्त. सिंहगड चढणाऱ्याला हे काहीच नाही, मला पण दम लागला नाही, पण गुडघेदुखीवाल्या माणसाला सपाट म्हणून आणायचं आणि हे दाखवायचं म्हणजे शुद्ध फसवणूक. बाबा बसून बसून उतरले. आई एक अक्षर बोलली नाही, ते जास्त वाईट.

चार मैलच आहे, म्हणजे साडेसहा किलोमीटर, पण आम्हाला तीन तास लागले. तुम्ही जाणार असाल तर उलटं जा, पँगबोर्नहून सुरुवात करा. चढउतार ताज्या पायांनी होतात आणि शेवटी सपाट कुरण आणि गोरिंगमध्ये चहा. बूट ग्रिपवालेच, एक काठी घ्या, ऑक्टोबर ते मार्च पाऊस झाला असेल तर जाऊच नका. मे मध्ये हार्टस्लॉकच्या उतारावर मंकी ऑर्किड फुलतात, ब्रिटनमध्ये फार थोड्या ठिकाणी दिसतात, त्यासाठी मात्र मी परत जाईन, एकटा. पँगबोर्नला लागून असलेला व्हिटचर्चचा टोल पूल गाड्यांसाठी आहे, चालणाऱ्यांना फुकट, उगाच सुट्टे शोधत बसू नका.

घरच्यांना डोंगरावरून नदी दाखवायचीच असेल तर स्ट्रीटलीच्या वर लार्डन चेज आहे, गाडी असेल तर टेकडीवर पार्किंग आहे. तेच दृश्य, शून्य चिखल.

दुसरा राग टॅक्सीचा. स्टोक रो गावात काशीनरेशांची विहीर आहे, गोरिंगपासून दहाएक किलोमीटर. आम्ही थकलेलो हे ड्रायव्हरला लांबूनच दिसलं असणार, एका बाजूचे ३५ पाउंड घेतले आणि थांबायचे वेगळे. आधी ठरवल्याशिवाय बसू नका, किंवा मित्राची गाडी मागा, तेवढं तर तो देणं लागतो.

पण विहीर बघाच. डोंगराळ चॉकमध्ये पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात लोकांचे हाल व्हायचे. इथला एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होता, त्याने काशीनरेश महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना गोष्ट सांगितली की घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून आईने पोराला बडवलं. महाराजांनी पैसे दिले आणि १८६४ मध्ये विहीर सुरू झाली. खोली ३६८ फूट, लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलची उंची ३६५, आणि रुंदी फक्त चार फूट, सगळी हाताने खणलेली. वर घुमट, खाली सोनेरी हत्ती, तिकीट नाही, काही नाही. वॉटसअ‍ॅपवर फोटो टाकला तर काकांना वाटलं आम्ही बनारसला गेलोय.

बेसिल्डन पार्क पण जवळच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस साइक्स नावाच्या माणसाने बंगालात कमावलेल्या पैशावर १७७६ पासून बांधलेला वाडा. आपलाच पैसा तिकीट काढून बघायचा, मी नाही गेलो, नॅशनल ट्रस्टची (जुने वाडे सांभाळणारी संस्था) मेंबरशिप असेल तर जा.

रविवारी जाणार असाल तर रेल्वेचं काम चालू नाही ना ते आदल्या रात्री बघा, नाहीतर ट्रेनच्या जागी बस मिळते. आणि बाथरूमला गोरिंग किंवा पँगबोर्नमध्येच जाऊन घ्या, मधल्या जंगलात काहीच नाही.