पहिल्या सेमिस्टरला किती विषय घ्यायचे?

कोल्हापुरातून सध्या बरेच फोन येतात. घरातलं कुणीतरी बारावी सायन्स झालेलं असतं, अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो आणि विषय निवडायचे असतात. राजारामपुरीतल्या मामांनी परवा विचारलं, "लाखांनी फी भरून पोरगी पाचच विषय शिकणार व्हय?" हा प्रश्न पुष्कळ घरांत असणार, म्हणून सविस्तर लिहितेय.

मामा, पाच विषय भरपूर झाले. इथं अमेरिकेत अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे आठ सेमिस्टरमध्ये दर वेळी १५. एका क्रेडिटमागं आठवड्याला तासभर वर्ग आणि बाहेर दोन-तीन तास अभ्यास, असा इथला ठोकताळा आहे. म्हणजे १५ क्रेडिटचे आठवड्याला ४५ ते ६० तास झाले.

सायन्सवाल्यांचं गणित याहून अवघड. लॅबला बहुतेक ठिकाणी एकच क्रेडिट असतं, पण ती चालते तीन-तीन तास. आपल्याकडं प्रॅक्टिकलचं जर्नल परीक्षेच्या तोंडावर पूर्ण करून सह्या घेता येतात. इथं माझ्या केमिस्ट्रीच्या लॅबचा रिपोर्ट पुढच्या लॅबच्या आत द्यावाच लागतो. टायट्रेशन बारावीला केलेलं असतं, त्यामुळं हात सराईत असतो. वेळ जातो तो लिहिण्यात: आकडेमोड, आलेख, आपलं उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं का आलं त्याची कारणं. रविवारची दुपार त्यातच जाते. केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि फिजिक्स एकदम घेतलं तर असे तीन रिपोर्ट दर आठवड्याला. हुशार मुलांनीही हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मेजरसाठीचं, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयासाठीचं, फिजिक्स बहुधा कॅल्क्युलसवर उभं असतं, त्यामुळं आधी कॅल्क्युलस पक्कं झालेलं बरं.

माझ्याकडं केमिस्ट्री लॅबसकट ४, कॅल्क्युलस ४, इंग्रजी लेखन ३, इतिहास ३ आणि नव्या विद्यार्थ्यांचा सेमिनार १ असे १५ क्रेडिट आहेत. ही जुळणी विचारपूर्वक केली. एफ-१ व्हिसावरच्या (म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या) पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट ठेवावेच लागतात. बरोबर १२ घेतले तर एखादा विषय झेपला नाही तरी सोडता येत नाही. १५ असले की तीन क्रेडिटचा एक विषय सोडायची मोकळीक राहते. सुरुवातीच्या मुदतीत सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, खूण राहत नाही, नंतर सोडला तर 'डब्ल्यू' (विषय सोडल्याची खूण) लागतो. पण १२ च्या खाली जायची वेळ आली, तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जा. त्यांच्या परवानगीशिवाय विषय सोडला तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

सिलॅबस पहिल्याच आठवड्यात हातात पडतो आणि त्यात परीक्षांच्या तारखा असतात. सगळ्या विषयांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर मांडा. केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसची मिडटर्म एकाच आठवड्यात आली, तर विषय सोडायची मुदत संपण्याआधी ते कळायला हवं.

आणि नोकरी. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. घरच्यांचा पैसा लागलेला असतो, त्यामुळं पहिल्या दिवसापासून काम शोधावंसं वाटतं, हे मला पुरतं कळतं. तरी पहिली मिडटर्म होईपर्यंत थांबा. घरच्यांनीही तोवर फोनवर कामाचा विषय काढू नये, ही माझी हात जोडून विनंती.