लेफ्कादा ते पाक्सोस आणि परत: दोघांनीच शिडाची बोट चालवताना

सुकाणू मी धरायचं आणि नांगर नवऱ्याने टाकायचा. १४ दिवसांत आम्ही जे काही शिकलो त्यातलं निम्मं एवढ्यातच आलं. पण तेवढं कळायला तीन दिवस आणि एक अख्खी रात्र गेली.

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याला, आयोनियन समुद्रात, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही नवरा-बायको ३४ फुटी शिडाची बोट भाड्याने घेऊन फिरलो. कप्तान नाही, खलाशी नाही. लेफ्कादा बेटावरून निघून दक्षिणेला मेगानिसी, इथाका आणि केफालोनिया, मग परत वर येऊन कालव्यातून बाहेर, मुख्य भूमीच्या कडेकडेने प्रेवेझा आणि पार्गा, तिथून समोरचं पाक्सोस बेट आणि उलट लेफ्कादा. सगळं मिळून दीडशेच्या आसपास सागरी मैल. गाडीने एका सकाळीत उरकेल एवढं अंतर, पण बोट ताशी पाच मैलांनी जाते हे लक्षात ठेवा. शक्यतो एका दिवसात १० ते १५ मैलांच्या वर बेत आखू नका. आम्ही घरी बसून आखलेला, त्याही उत्तरेच्या कोर्फू बेटापर्यंतचा बेत दुसऱ्याच दिवशी गुंडाळून ठेवला.

एजियन समुद्र सोडून इकडे का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि दिवसच्या दिवस थांबत नाही. इथला माइस्त्रो सभ्य आहे. सकाळी समुद्र तेलासारखा, दुपारी बारा-एकनंतर वायव्येकडून वारा, सूर्य कलला की तोही पांगतो. नवशिक्या जोडप्याला यापेक्षा चांगली शाळा मिळणार नाही. सप्टेंबरात पाणी जास्त कोमट असतं म्हणतात, पण सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस हे वादळ याच बेटांवर येऊन आदळलं होतं. म्हणून आम्ही जून निवडला.

माझं आजोळ हर्णैचं. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे: चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. इथे ती विद्या काही कामाची नाही, कारण भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी वीतभर वर-खाली होतं, बस्स. धक्क्याला दोर बांधला की रात्री उठून सैल करायला नको. पहिल्या संध्याकाळी मी सवयीने दोनदा उठून बघून आले. नवरा हसला. (त्याचं हसू तिसऱ्या दिवशी मावळलं, ते पुढे येतंच.)

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण ती कामं किमान तीन महिने आधी सुरू करावी लागतात. शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. रोजचा मुक्काम कुठे, या रकान्यात आम्ही बोटीचा करार जोडला आणि पहिल्या व शेवटच्या रात्रीचं हॉटेल दाखवलं, ते चाललं. बोट स्वतः चालवायची तर एकाकडे परवाना किंवा मान्य प्रमाणपत्र हवं आणि दुसऱ्या माणसालाही बोटीतलं कळतं असं लिहून द्यावं लागतं. आम्ही दोघांनी दोन हिवाळे मुंबई बंदरात शिकून नंतर पाच दिवसांचा डे स्किपरचा कोर्स केला होता. तुमचं प्रमाणपत्र कोणतंही असो, ते स्कॅन करून भाड्याने देणाऱ्या कंपनीला पाठवा आणि पैसे भरण्याआधी त्यांचा होकार लेखी घ्या.

अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून लेफ्कादाला थेट बस मिळते, पाच-साडेपाच तास लागतात. वाटेत बस रिओ-आंतिरिओचा २००४ सालचा पूल ओलांडते. उजव्या बाजूची खिडकी धरली तर तो वळणावर छान दिसतो. लेफ्कादा बेट असलं तरी गाडीनेच पोचता येतं. सामान कापडी पिशव्यांमध्येच न्या. चाकांची बॅग बोटीत ठेवायला जागाच नसते. घरून तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मेतकूट, गोडा मसाला, पोहे चालतात. बोट शनिवारी संध्याकाळी ताब्यात येते आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे वाणसामान शनिवारीच भरा. लेफ्कादाच्या डोंगरातल्या एंग्लूवी गावची बारीक मसूर प्रसिद्ध आहे. महाग आहे, पण घ्याच. ग्रीक लोक तिचं सूप करतात. आम्ही लसूण-मिरचीची फोडणी देऊन आमटी केली आणि ती शेजारच्या बोटीवर वाडगाभर गेलीसुद्धा.

पहिला मुक्काम मेगानिसीच्या स्पार्तोखोरी गावाखाली. वाटेत स्कोर्पिओस बेट लागतं, जिथे ग्रीक जहाजमालक ओनासिसने १९६८ साली अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडींची विधवा जॅकलीन हिच्याशी लग्न केलं. खाजगी आहे, लांबून झाडं बघायची. स्पार्तोखोरीला खानावळवाल्यांचेच तराफे आहेत. तिथे जेवलात तर बोट बांधायचे पैसे नाहीत, आणि पाण्यातून वर येणारा तयार दोर मिळतो, त्यामुळे नांगर टाकावाच लागत नाही. पहिल्या दिवशी असंच ठिकाण निवडा. आम्ही निवडलं, सगळं सुरळीत झालं आणि आपल्याला जमतंय असा गैरसमज झाला.

तिसऱ्या दिवशी इथाकाचं किओनी. टोकावर तीन पवनचक्क्यांचे अवशेष, आत वाटीसारखं बंदर, डोंगरावर चढत गेलेली घरं. आम्ही पोचलो दुपारी तीनला आणि धक्क्यावर एक फट उरली होती. इकडची पद्धत अशी: धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीवर पुढून नांगर टाकायचा, साखळी सोडत मागे मागे जायचं आणि बोटीचा मागचा भाग धक्क्याला दोन दोरांनी बांधायचा. तेव्हा सुकाणूवर नवरा होता आणि पुढे नांगरापाशी मी.

"सोड!" तो ओरडला.

"किती?"

"काय किती?"

"साखळी किती सोडू?"

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं "सोडू?" म्हणून तो पुन्हा "सोड!" आणि बोट मागे चाललेलीच. धक्क्यावर कॉफी पिणारे वीस-पंचवीस लोक आमच्याकडे नाटक बघावं तसं बघत होते. शेवटी कसेबसे लागलो. पाण्याची खोली १२ मीटर, साखळी पडली जेमतेम ३०. नियम आहे खोलीच्या चार-पाच पट साखळीचा. हे आम्हाला ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण तेव्हा दोघेही एकमेकांशी बोलत नव्हतो, त्यामुळे तो विषय निघालाच नाही.

रात्री दीडला धप्प आवाज झाला. खाडीच्या तोंडाकडून वारा आला होता, नांगर घसरला होता आणि बोटीचा मागचा कोपरा दगडी धक्क्यावर घासत होता. चार वाजेपर्यंत आम्ही पाळीपाळीने मधे फेंडर (बोट घासू नये म्हणून लावायची हवेची उशी) धरून बसलो आणि झुळूक वाढली की इंजिन हळू पुढच्या गिअरमध्ये घालायचो. अंधारात पाणी काळं दिसत नव्हतं, हिरवट दिसत होतं, धक्क्यावरच्या दिव्यामुळे. साखळी मधेच ताणली जायची, तळाच्या दगडांवरून खरखर आवाज यायचा आणि तो आवाज पायांच्या तळव्यांना कळायचा. तेव्हापासून नांगर धरला आहे की नाही हे मी साखळीवर पाऊल ठेवून बघते. धरला असेल तर ती शांत असते, घसरत असेल तर थरथरते.

सकाळी शेजारचं सत्तरीतलं डच जोडपं निघालं. बाई सुकाणूवर, बाबा पुढे. एक शब्द नाही. त्याने हात पुढे केला, तिने गिअर टाकला. त्याने मूठ वळली, ती थांबली. नंतर फिस्कार्दोला पुन्हा भेटले तेव्हा बाईंनी सांगितलं की ताकदीचं काम ज्याला झेपतं तो पुढे, आणि ज्याला घाई नाही तो सुकाणूवर. आमच्या घरात घाई कोणाला असते हे सांगायला नको. त्या दिवसापासून जागा बदलल्या. खुणा ठरवल्या: हाताचं एक बोट म्हणजे १० मीटर साखळी, मूठ म्हणजे थांब, तळहात मागे म्हणजे मागे. तोंडाने फक्त "नाही" म्हणायची परवानगी. आणि बांधून झाल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये चांगलं ओढून बघितल्याशिवाय कोणी चहा टाकायचा नाही.

नांगर फिकट दिसणाऱ्या वाळूवर टाका. गडद डाग म्हणजे बहुधा पोसिडोनिया गवताची कुरणं; तिथे तो नीट रुतत नाही आणि गवत उखडतं.

फिस्कार्दो हे केफालोनियाच्या उत्तर टोकाचं गाव. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपात बेटावरची बहुतेक गावं भुईसपाट झाली, पण हे गाव त्यातून बचावलं. म्हणून इथली घरं जुन्या व्हेनिशियन धाटणीची. देखणं आहे, पण गर्दी भयंकर; दुपारी बाराच्या आत पोचलात तरच जागा. माझ्या मते एक रात्र पुरे.

उत्तरेचा टप्पा वेगळाच. लेफ्कादा आणि मुख्य भूमी यांच्यामधून उथळ कालवा जातो. पहिला कालवा करिंथच्या लोकांनी ख्रिस्तपूर्व सातव्या शतकात खणला. आजच्या कालव्याच्या उत्तर टोकाला तरंगता पूल आहे, तो दिवसा तासाच्या ठोक्याला बोटींसाठी उघडतो. वेळा मरीनात विचारून घ्या, दहा मिनिटं आधी पोचा आणि वारा मागून असेल तर पुढच्या बोटीपासून लांब राहा, कारण तिथे बोटी गोल गोल फिरत वाट बघतात.

बाहेर पडलं की माइस्त्रो बरोबर नाकासमोर. प्रेवेझाहून पार्ग्याला आम्ही पहाटे साडेपाचला निघालो आणि सगळं अंतर इंजिनावर कापलं. शिडाच्या बोटीवर येऊन डिझेल जाळायचं याचं वाईट वाटून घेऊ नका. जाताना इंजिन, येताना शीड, हाच इथला हिशोब आहे. परतीच्या दिवशी पाक्सोसहून लेफ्कादापर्यंतचे तीसेक मैल वारा पाठीशी घेऊन आलो, त्यातले चार तास इंजिनाला हात लावला नाही. त्या एका दिवसासाठी सगळा खर्च वसूल. तरी वारा वाढायच्या आधीच शीड कमी करा, दोघांनाच करायचं असेल तर "करू का?" असा प्रश्न मनात आला की करूनच टाकायचं.

पार्ग्याच्या खाडीत लाटांची उसळ शिरते, रात्री बोट पाळण्यासारखी हलते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आणलेली बरी. मला ती घेतली की झोप येते, म्हणून मी आलेपाकावर भागवलं. पण किल्ल्यावर चढाच. १८१९ साली इंग्रजांनी हे गाव उस्मानी तुर्कांचा सुभेदार अली पाशा याला देऊन टाकलं, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या पूर्वजांची हाडं उकरून जाळली, राख बरोबर घेतली आणि सगळे कोर्फूला निघून गेले. त्याच किनाऱ्यावर आता आइस्क्रीमचे ठेले आहेत. मी वरून खाली बराच वेळ बघत बसले होते.

पाक्सोसच्या गायोस बंदरात उत्तरेकडच्या वाटेनेच शिरा, दक्षिणेची वाट उथळ आहे. समोरच्या छोट्या बेटामुळे आत नदीत आल्यासारखं वाटतं. अँटिपाक्सोसच्या वुतूमी किनाऱ्यावर दिवसा पर्यटकांच्या बोटींची जत्रा असते. चारनंतर ती पांगते, तेव्हा जा. पाण्यात पडलेली आपल्या बोटीची सावली तळाच्या वाळूवर स्पष्ट दिसते, साखळीची कडी न् कडी मोजता येते.

बारीकसारीक दोन गोष्टी. पाण्याची टाकी दोघांना चार-पाच दिवस पुरते, भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटचा हात गोड्या पाण्याचा. रेडिओ चॅनल १६ वर लावून ठेवा. हवामानाचा अंदाज इंग्रजीतही सांगतात. तटरक्षकांचा नंबर १०८, आणीबाणीचा ११२. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत: मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे यिगांतेस, भाज्यांचं ब्रियाम, आणि उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू-तेल घातलेलं होर्ता, जे मला आईच्या हातच्या टाकळ्याच्या भाजीच्या जवळचं वाटलं.

बोट शुक्रवारी संध्याकाळी परत द्यायची असते आणि त्या दिवशी डिझेलच्या रांगेत सगळे एकदम येतात, म्हणून दुपारी दोनच्या आत पोचा. पाणबुड्या खाली जाऊन तळ तपासतो. किओनीच्या ओरखड्याचे अनामत रकमेतून १५० युरो कापले. अनामतीचा वेगळा विमा मिळतो, तो आम्ही "कशाला" म्हणून सोडला होता. पुढच्या बाजूच्या दुसऱ्या एका खोकेचेही ते लावणार होते, पण पहिल्या दिवशी बोट ताब्यात घेताना मी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले होते आणि त्यात ती खोक दिसत होती. फोटो काढताना नवरा मागून "चल ना, उशीर होतोय" म्हणत होता, तेही एका व्हिडिओत आलं आहे.