तुम्ही विचारलंत म्हणून: ओए का वाचते?

“पोटच्या पोराच्या दुखण्यावर लिहून नोबेल मिळवलं त्यानं. घरात असं मूल असताना तुम्हाला ते वाचायला जमतं तरी कसं?” नातेवाईक विचारतात, परवा फिजिओथेरपीच्या रांगेतल्या बाईंनीही विचारलं. एकदाच सांगून टाकते.

जपानी लेखक केन्झाबुरो ओएचा मुलगा हिकारी १९६३ मध्ये डोक्यावर भलीमोठी गाठ घेऊन जन्मला. ऑपरेशन नाही केलं तर जाणार, केलं तर मेंदू अधू राहणार. बाप अठ्ठावीस वर्षांचा. १९६४ मध्ये त्यानं यावर एक सोडून दोन गोष्टी लिहिल्या. ‘अ पर्सनल मॅटर’ ही कादंबरी तुम्हाला ठाऊक असते: पळपुटा बाप शेवटी मुलाचं ऑपरेशन करायला तयार होतो. दुसरी, आगुईची कथा, विचारणाऱ्यांपैकी कुणी वाचलेली नसते. तिच्यातला बाप डॉक्टरशी संगनमत करून बाळाला दुधाऐवजी साखरपाण्यावर ठेवतो आणि मरू देतो. मग कळतं, गाठ साधीच होती. पुढे ते बाळ, म्हणजेच आगुई, कांगारूएवढं होऊन, पांढरा सुती झबला घालून आभाळातून उतरत राहतं. दिसतं फक्त बापाला.

माझी मुलगी काचेच्या पेटीत होती तेव्हा घरातलं एक मोठं माणूस व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसलं. हळूच म्हणालं, “फार जीव लावू नकोस. दुसरं होईल.” नंतर मी सगळ्यांना सांगत आले की मी त्यांच्यावर भडकले. खोटं आहे ते. मला बरं वाटलं होतं. मिनिटभर का होईना, कुणीतरी दार उघडून दिल्यासारखं. मग नर्सनं दूध काढून द्यायला बोलावलं आणि मी उठले.

ते मिनिट मला छापील सापडलं ते आगुईत. ओएनं पोराच्या दुखण्याचं भांडवल केलं म्हणा खुशाल.

कादंबरीच्या शेवटाला युकिओ मिशिमा या दुसऱ्या जपानी लेखकानं नावं ठेवली होती. तेव्हा मी मिशिमावरच चिडले होते, कारण मला तो शेवट हवा होता. आता वाटतं, त्याचं अगदीच चूक नव्हतं. दोन-चार पानांत बाप फारच शहाणा होतो.

आणि कृपा करून हिकारीची ती पक्ष्याची गोष्ट मला सांगू नका. सहा वर्षांचा असताना कुइना पक्ष्याचा आवाज ऐकून तो पक्ष्यांच्या आवाजांच्या रेकॉर्डवरच्या निवेदकासारखं त्याचं नाव बोलला, पुढे संगीतकार झाला, सगळं खरं. माझी मुलगी दारातल्या चपला जोडीनं लावते. बास.

हिकारीला विचारून लिहिलं होतं का, हा तुमचा प्रश्न मात्र बोचतो. हे सगळं लिहिताना मी तरी कुठं मुलीला विचारलंय?